कमरेला झेपेल असं पिस्तूल

आमच्या घरमालकीणबाईंना एकदा पिस्तूल घ्यायचं होतं. स्वस्त, लहान, आणि साडीच्या निऱ्यांआड राहील असं. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि जीभ अशी की तिला परवाना लागत नाही ही सरकारी नियमांतली त्रुटीच म्हणायची. ह्यांना पिस्तूल कशाला लागतंय, असं आमच्या इमारतीतले लोक म्हणत. अर्थात जिन्यात, आणि मॅडम बाहेर गेल्याची खात्री करून.

मी त्यांना मॅडम म्हणायचे. सगळेच म्हणायचे. शनिवार पेठेत एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता आणि त्यातली रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली होती. मी नागपूरची. पुण्यात आयटीतली नोकरी लागली तेव्हा महिनाभर खोली शोधत फिरले. तीन घरमालकांनी आडनाव विचारलं, ऐकलं, फार सुसंस्कृत हसले आणि 'कळवतो' म्हणाले. अजून कळवतायत. मॅडमनी आडनाव विचारलं नाही. "गिझर किती मिनिटं लावतेस?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, साधारण दहा. "साधारण म्हणजे किती?" मी नऊ म्हटलं आणि खोली मला मिळाली. सामान लावताना मी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, तेव्हा त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, आलं आता. त्या म्हणाल्या, "डावीकडे अर्धा इंच उतरलीय." आणि स्वतः येऊन ती सरळ करून गेल्या.

मॅडम वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. म्हणजे दुकानदारांचे काटे, पेट्रोल पंपांची मापं, मिठाईवाल्यांचे तराजू तपासायचे आणि खोटं सापडलं की खटला भरायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. मंडईत त्या शिरल्या की भाजीवाल्या आधीच काटे पुसायला लागत. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या आणि लोणच्याच्या बरण्यांशेजारी एक छोटा काटा कायम मांडलेला असे. ब्रेडचा पुडा, दुधाची पिशवी, मी नागपूरहून आणलेली संत्राबर्फी, सगळं आधी त्याच्यावरून जाई. बर्फी बारा ग्रॅम कमी निघाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रवासात मीच एक तुकडा खाल्ला हे मला कबूल करावं लागलं.

भाषेचंही तेच. मी एकदा आतून "येऊन राहिले, मॅडम" म्हटलं. "येऊन राहू नकोस," त्या म्हणाल्या, "नुसती ये."

अशा बाईंचं पिस्तुलाशी काय काम, तर त्याची हकिकत अशी.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, मॅडमनी एक भुईकाटा पकडला होता. भुईकाटा म्हणजे ज्याच्यावर अख्खा ट्रक उभा करून तोलतात तो. तिथल्या मालकाने टेबलाखाली रिमोट ठेवला होता. भरलेला ट्रक आला की बटण दाबायचं, वजन कमी दिसायचं, आणि माल विकणाऱ्याच्या घामाचे काही क्विंटल हवेत विरून जायचे. मॅडम काट्याखालच्या खड्ड्यात साडी खोचून उतरल्या, तारांमध्ये बसवलेली डबी शोधून काढली आणि खटला दाखल केला. त्या खटल्याला पुढे तारखा पडत राहिल्या. मॅजिस्ट्रेट बदलले, सरकारी वकील बदलले, मॅडमचे गुडघे गेले, आणि शेवटी एकदा कोर्टाला आठवलं की मुख्य साक्षीदार अजून जिवंत आहे. समन्स आलं.

समन्सनंतर चार दिवसांनी, भर दुपारी, दोन माणसं पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. एक पांढऱ्या कपड्यातला, पन्नाशीचा, अतिशय नम्र. दुसरा तरुण, जाडजूड, गप्प बसून घर बघणारा. मी घरूनच काम करत होते. माझ्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

पांढऱ्या कपड्यांवाल्याने आधी तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला, "म्याडम, तुमी आता आराम करायचा. कोर्टाच्या पायऱ्या चढायचं वय हाय का? आन् दर रविवारी येरवड्याला बहिणीकडं जाता तुमी, स्कूटरवर. त्या पुलावर ट्रकवाले लई बेकार चालवत्यात. काळजी वाटती."

बहीण येरवड्याला राहते, मॅडम रविवारी जातात, स्कूटरने जातात, ह्यातलं काहीही त्या दोघांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मॅडम उठल्या. पेढ्यांचा बॉक्स काट्यावर ठेवला, मग पेढे ताटात काढून रिकामा बॉक्स ठेवला. "पुठ्ठा पेढ्यांच्या भावात विकलाय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "दुकानाचं नाव सांगून जा." पेढे परत भरून दिले आणि दोघांना दारापर्यंत पोचवून आल्या. मग बेसिनपाशी उभ्या राहून त्यांनी हात धुतले. बराच वेळ नळ चालू होता. पाणी वाया घालवणं ही त्या घरात खुनाच्या खालोखालची गोष्ट होती.

त्या रविवारी त्या येरवड्याला गेल्या नाहीत. बहिणीला फोनवर सांगितलं, स्कूटरचं चाक बसलंय. पुढच्या रविवारीही चाक बसलेलंच होतं. सोमवारी नाश्त्याला त्यांनी जाहीर केलं, "मी पिस्तूल घेणार आहे," आणि वही काढून रकाने आखायला घेतले. किंमत, लांबी, जाडी, वजन, दुरुस्ती कुठे होते. फ्रिज घेतानाही त्यांनी हेच केलं होतं. तो फ्रिज ठरायला तेरा महिने लागले आणि तोवर आम्ही दही शेजाऱ्यांकडे ठेवत होतो.

कॅम्पातल्या शस्त्रांच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले. दुकानदार अदबशीर माणूस. मॅडमना पाहून तो गंभीर झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "मिस्टरांचं आहे का? जमा करायचंय?" म्हाताऱ्या बायका त्याच्याकडे नवऱ्यामागे उरलेली बंदूक परत करायलाच येत असाव्यात.

"मिस्टर नाहीत," मॅडम म्हणाल्या. "कधीच नव्हते. मला विकत घ्यायचंय."

परवाना लागेल, त्याने सांगितलं. तो मिळाल्याशिवाय विकता येत नाही. मॅडम म्हणाल्या, विकू नका, दाखवा. मग त्याने काचेखालून एक काळं पिस्तूल काढलं. हे सगळ्यात चालणारं, म्हणाला. जमीनवाले, बिल्डर, सगळे हेच नेतात, लग्नाकार्यात कमरेला छान दिसतं.

"लग्न करायचं नाहीये. वजन?"

"साडेसातशे ग्रॅम."

"गोळ्यांसकट?"

"नाही मॅडम, रिकामं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मिठाईवाले डब्यासकट तोलतात आणि हे गोळ्यांशिवाय, असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी ते तोलून मागितलं. दुकानदाराने कुरियरची पार्सलं तोलायचा काटा आणला, आणि तिथे त्याने आयुष्यातली मोठी चूक केली, कारण त्या काट्यावर तपासणीचा शिक्का नव्हता. पुढची पंधरा मिनिटं पिस्तूल बाजूला पडून राहिलं. एवढ्या हत्यारांनी वेढलेला इसम एका निःशस्त्र बाईसमोर इतका घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

किमतीचा रकाना लवकर भरला. परदेशी बनावटीचं एक पिस्तूल होतं, अगदी हलकं, तळहाताएवढं. पण त्या पैशात पेठेत पार्किंगची जागा आली असती, आणि पार्किंगचा उपयोग रोज होतो. स्वस्त रिव्हॉल्व्हर मिळत होतं, पण ते पोटाशी जाड होतं. राहता राहिलं सरकारी कारखान्यातलं ते पहिलं, काळं, लहान पिस्तूल. दुकानदाराने समजावलं की वरचा भाग मागे ओढून सोडायचा, तेव्हा गोळी आत जाते. मॅडमनी पिस्तूल हातात घेतलं आणि ओढलं. काही हललं नाही. त्यांनी पदर खोचला, पकड बदलली, परत ओढलं. सांध्यांना गाठी आलेली बोटं त्या लोखंडावरून घसरत होती.

"लहान पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते," दुकानदार म्हणाला. "जितकं लहान तितकं कडक."

"आमच्या खात्यात शिपाई तसेच असायचे," मॅडम म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा ओढलं.

मग मी घेऊन बघितलं. एका झटक्यात मागे आलं, खट्ट आवाज झाला. मला तेव्हा कळलं नाही, पण ते मी करायला नको होतं. मॅडमनी माझ्या हातांकडे पाहिलं. दुकानदार मदतीला धावला. म्हणाला, कुणाकडून तरी आधीच ओढून, गोळी आत भरून ठेवायची, म्हणजे तुम्हाला ओढावं लागणार नाही. "दूधवाल्याला सांगते," मॅडम म्हणाल्या, "पिशवी देताना रोज ओढून देत जा म्हणून." पण आवाजात नेहमीची धार नव्हती. परत येताना रिक्षावाल्याने मीटर टाकायचं विसरल्याचं नाटक केलं आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. रिक्षावाल्यालाही ते चमत्कारिक वाटलं असावं. पुढच्या सिग्नलला त्याने आपणहून मीटर टाकलं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या. ओढण्याचं नंतर बघू, आधी बाळगता येतं का ते बघू. त्यांनी खाकी कापडाची पिशवी शिवली, तिच्यात पितळी वजनं भरली आणि परकराच्या नाडीला बांधून त्या घरभर हिंडायला लागल्या. पहिला आठवडा पाचशे ग्रॅम. दुसरा सहाशे. रोज संध्याकाळी वहीत नोंद: जिना चढताना त्रास नाही, खाली बसताना मांडीला टोचतं, शिंक आली असता सरकतं. सातशेला पोचल्या त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता. मॅडम तीर्थ घ्यायला वाकल्या, नाडीने मान टाकली आणि सातशे ग्रॅम पितळ संगमरवरी फरशीवर दणदण आपटत चौरंगाखाली गेलं. भटजी मंत्र विसरले. यजमानीणबाईंनी विचारलं, "अहो, काय पडलं ते?"

"वजन," मॅडम म्हणाल्या. "कमी करतेय."

त्यांनी चौरंगाखाली हात घालून ते काढलं, प्रसाद घेतला आणि घरी येऊन निष्कर्ष लिहिला: कमरेला सहाशे ग्रॅमपर्यंत झेपतं, गोळ्यांसकट. तसं पिस्तूल परवडणाऱ्या किमतीत बाजारात नव्हतं. तरीही त्यांनी परवान्याचा अर्ज केला. कुठलं घ्यायचं ते परवाना येईपर्यंत ठरेल, म्हणाल्या. एवढ्या दिवसांत स्प्रिंगसुद्धा सैल होईल.

आता जे सांगायचंय ते माझ्याविषयी आहे, आणि ते फारसं बरं नाही.

अर्जाची चौकशी करायला चौकीतून एक हवालदार आले. वयस्कर, समंजस गृहस्थ. डायरी उघडून त्यांनी मॅडमना विचारलं, त्या माणसांनी धमकी दिली का. मॅडम म्हणाल्या, नाही. रहदारीबद्दल काळजी व्यक्त केली.

"मग मी धमकी म्हणून लिहू ना?"

"त्यांनी जे शब्द वापरले ते लिहा."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी अगदी कळवळून समजावलं की 'जिवे मारू' असं एक वाक्य असलं की काम सोपं होतं. हे रहदारीचं वर पाठवलं तर साहेब हसतील. मॅडम म्हणाल्या, हसू देत. तीस वर्षं मी लोकांचे ग्रॅम मोजले, आता स्वतःच्या फायद्यासाठी धमकीचं वजन वाढवून देणार नाही. हवालदारांनी सुस्कारा सोडला आणि विचारलं, दुसरं कुणी ऐकलं का.

"ही होती," मॅडम म्हणाल्या. "दार उघडं होतं."

हवालदार माझ्याकडे वळले.

त्याच्या दोनच दिवस आधी, संध्याकाळी ऑफिसातून परतताना, तो जाडजूड तरुण मला इमारतीच्या फाटकापाशी भेटला होता. त्याने माझ्यासाठी फाटक उघडून धरलं. "ताई नागपूरच्या ना तुम्ही?" म्हणाला. "एकट्याच ऱ्हाता. घरच्यांना काळजी वाटत आसंल." एवढंच. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी हेडफोन लावले होते," मी हवालदारांना म्हटलं. "मीटिंग चालू होती. मी काही ऐकलं नाही."

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी हवालदारांच्या कपात चहा ओतला आणि साखर किती, असं विचारलं. चौकशीचा अहवाल व्हायचा तसाच झाला: अर्जदारास स्पष्ट धमकी नाही, साक्षीदार नाही. अर्ज पडून राहिला.

त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवताना फक्त म्हणाल्या, "हेडफोन कुठल्या कंपनीचे? फारच चांगले दिसतात."

नागपूरला माझे बाबा नोकरीतून निवृत्त व्हायच्या बेतात होते. त्यांना फोन करून मी विचारलं, पुण्यात खोली बदलू का. काय झालं, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हटलं. त्या दिवसांत मी हे वाक्य फार सफाईने म्हणायला शिकले होते.

साक्षीचा दिवस आला. मॅडमनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली आणि मी रजा टाकली. शिवाजीनगरला कोर्टात आम्ही सकाळी पोचलो आणि दुपारी आमचा पुकारा झाला. सरकारी वकिलांनी विचारलेलं सगळं मॅडमनी तारीखवार सांगितलं. मग बचाव पक्षाचे वकील उठले. तरुण, देखणे, स्वतःच्या आवाजावर मनापासून प्रेम असलेले. अर्ध्या शनिवार पेठेला माहीत असलेली गोष्ट त्यांना माहीत असणं साहजिकच होतं.

"आपण पिस्तुलासाठी अर्ज केलात, हे खरं?"

"हो."

"म्हणजे माझ्या अशिलांशी आपलं वैयक्तिक वैर आहे. त्यांच्यावर गोळी झाडायची होती?"

"नाही. तेवढ्या जवळ ते यावेत अशी माझी इच्छा नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. मॅजिस्ट्रेट बाईंनी वर पाहिलं. वकीलही हसले आणि म्हणाले, मग पिस्तूल कशासाठी हवं होतं तेवढं कोर्टाला सांगा.

मला वाटलं आता मॅडम त्यांना सोलून काढणार. त्या माणसाच्या कोटाच्या बाहीची लांबीसुद्धा त्यांनी एव्हाना मनात मोजून ठेवली असेल. पण त्या कठड्यावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

"भीती वाटत होती म्हणून," त्या म्हणाल्या.

"कशाची?"

"इथे येण्याची. आजची."

वकिलांना बहुधा विजय दिसायला लागला. ते जरा वाकून म्हणाले, "साधारण किती भीती वाटत होती, मॅडम?"

"तिचं माप आमच्या खात्याकडे नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "ट्रकचं होतं. ते सांगते." आणि त्यांनी त्या दिवशी तोललेल्या पहिल्या ट्रकचा नंबर, रिमोट दाबून आलेलं वजन, रिमोट न दाबता आलेलं वजन आणि दोहोंतला फरक, कागदाकडे न बघता सांगितला. मग दुसऱ्या ट्रकचा. मग तिसऱ्याचा. वकील मध्ये दोनदा उभे राहिले आणि मॅजिस्ट्रेट बाईंनी त्यांना दोनदा खाली बसवलं.

बाहेर आलो तर जिन्याच्या तोंडाशी ते दोघे उभे होते. पांढऱ्या कपड्यांवाल्याने नमस्कार केला. मॅडमनी कठडा धरला आणि एकेक पायरी उतरायला सुरुवात केली. मी त्यांची पिशवी घेतली, आणि तेव्हा मला जाणवलं की त्या थरथरतायत. सगळ्या अंगाने, सकाळपासून बहुधा. खाली येईपर्यंत त्या थरथरत होत्या, आणि एकही पायरी त्यांनी गाळली नाही की थांबून मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी चौकीत गेले. हवालदारांना म्हटलं, जबाब बदलायचाय.

"हेडफोनचा?"

"हेडफोन चार्जिंगला होते."

त्यांनी मला बसवलं. आधी खोटं सांगितलं असं लेखी दिलंत तर तुम्हालाच वरून विचारणा होईल, तेवढं टाळून लिहितो, असं ते चांगुलपणाने म्हणाले. मी म्हटलं, टाळू नका. घाबरले होते म्हणून खोटं बोलले, असंच लिहा. मग मी सगळं सांगितलं. पेढे, कोर्टाच्या पायऱ्या, येरवड्याची बहीण, रविवार, पूल, ट्रक. आणि फाटक. फाटकाचं सांगताना मी मध्येच पाणी मागून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बरंच ऐकलं होतंत की तुम्ही."

मॅडमना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनीच चौथ्या दिवशी भाजी निवडताना विषय काढला. हवालदारांनी त्यांना जबाब वाचायला दिला होता.

"जबाबात 'फार बेकार चालवतात' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तो 'लई बेकार' म्हणाला होता."

"हो मॅडम."

"बाकी बरोबर आहे."

ह्याहून मोठी पावती त्यांनी तीस वर्षांत कुणा दुकानदाराला दिली नसेल.

पुढे निकाल लागला. भुईकाट्याच्या मालकाला दंड झाला, त्याच्या कार्यालयात महिन्याला जेवढा चहा लागत असेल साधारण तेवढा. काटा बंद झाला आणि रस्त्याच्या पलीकडे बायकोच्या नावाने नवा सुरू झाला, दिव्यांची सरकती पाटी लावून. न्यायाचा विजय होतो तो असा. हवालदारांनी मात्र त्या दोघांना चौकीत बोलावून समज दिली आणि ते पुन्हा आले नाहीत. निदान आम्हाला दिसले नाहीत. न येणं आणि न दिसणं ह्यात फरक आहे, हे मॅडमनी मला लगेच समजावून सांगितलं.

परवाना सहा महिन्यांनी मंजूर झाला. माझ्या जबाबामुळे, असं हवालदार म्हणाले. साहेबांची बदली झाली म्हणून, असं मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, मग कॅम्पात कधी जायचं.

"कशाला? मला ते ओढता येत नाही."

"मग परवाना?"

"तो मिळायला हवा होता. धोका होता का नव्हता, एवढं कागदावर बरोबर यायला हवं होतं. आलं." त्यांनी पत्र घडी करून वीजबिलांच्या फाईलीत लावलं. मग म्हणाल्या, "भीती गेली असं समजू नकोस हं. तशीच आहे."

रविवारी त्या येरवड्याला जायला लागल्या होत्या, पण बसने. चाक अजून बसलेलंच होतं, म्हणजे बहिणीच्या माहितीप्रमाणे.

त्या पावसाळ्यानंतरची एक सकाळ मला आठवते. साडेदहा वाजले होते, मी लॅपटॉपसमोर होते, त्या स्वयंपाकघरात. कुणाची वाट बघत नव्हतो आणि बेल वाजली. दोनदा, लांब. मी खोलीतून बाहेर आले तेव्हा त्याही हात पुसत बाहेर आल्या होत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी पुढे व्हायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला मागे घेतलं, आणि मग तसंच धरून दोघी दारापर्यंत गेलो. साखळी अडकवलेली ठेवून त्यांनी दार चार बोटं उघडलं.

सिलिंडरवाला होता. दोन मजले चढून आलेला, घामाघूम, सिलिंडर खांद्यावरून उतरवत असलेला.

"काटा आणलाय?" मॅडमनी फटीतून विचारलं.

त्याने डोळे मिटून घेतले आणि काटा आणायला पुन्हा खाली निघाला. त्याची पावलं तळमजल्यापर्यंत पोचली तरी मॅडमनी माझं मनगट सोडलेलं नव्हतं.